चिखलाने ठेवलेला हिशेब

कारखान्याच्या मोरीतून नदीत गेलेले पाणी समुद्राला मिळते आणि समुद्राला मिळालेले नाहीसे होते. या समजुतीवर इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचा रसायन उद्योग शंभरहून अधिक वर्षे चालला. पुढे त्याच समजुतीच्या भरवशावर एक अणुप्रकल्पही उभा राहिला. दोघांचेही सांडपाणी आयरिश समुद्राकडे गेले आणि त्यातला बराच ऐवज खाड्यांच्या चिखलात येऊन बसला. मर्सीच्या खाडीत पारा, शिसे, तांबे आणि जस्त साचले, तर तिथून उत्तरेला रेव्हनग्लासच्या खाडीत सिझियम, प्लुटोनियम आणि अमेरिशियम. विसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन हकिकती एकमेकींना मिळाल्या. अणुप्रकल्पाने केलेल्या प्रदूषणाच्या आधारानेच धातूंच्या जुन्या प्रदूषणाच्या तारखा लावता आल्या.

मीठ, गंधक आणि पारा

१८४७ पर्यंत विडनेस हे मर्सीच्या काठचे साधे खेडे होते. त्या वर्षी जॉन हचिन्सन याने तिथे सोड्याचा कारखाना काढला. चेशायरचे मीठ जवळ, लँकेशायरचा कोळसा जवळ, आणि मालाची ने-आण करायला नदी, कालवा व रेल्वे दाराशी. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा हवा असे. तो बनवायची त्या काळची रीत म्हणजे लब्लांक पद्धत. मिठावर गंधकाम्ल ओतायचे आणि जे तयार होईल ते कोळसा व चुनखडीबरोबर भट्टीत भाजायचे. सोडा मिळे, पण पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि शेवटी कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा गंधकयुक्त चोथा उरे. त्या चोथ्याचे डोंगर नदीकाठच्या खाजणांवरच रचले गेले.

आम्लवायूने आसपासची शेते आणि झाडे करपू लागली तेव्हा जमीनदारांनी ओरड केली, आणि १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अल्कली कायदा केला. निदान ९५ टक्के आम्लवायू पकडलाच पाहिजे, असे त्याने कारखानदारांना बजावले. पकडायची युक्ती विल्यम गॉसेज याने १८३६ मध्येच शोधून ठेवली होती. उंच मनोऱ्यात वरून पाणी सोडायचे, खालून वायू सोडायचा. कायदा पाळला गेला, हवा निवळली. आम्ल झालेले पाणी मात्र कित्येक वर्षे ओढ्यांत आणि नदीतच जात राहिले. कायदा हवेपुरता होता, त्यामुळे घाणीने फक्त वाट बदलली.

त्या पाण्यात धातूही होते. गंधकाम्लासाठी लागणारे गंधक पायराइट या खनिजातून काढले जाई. हे खनिज आयर्लंड आणि स्पेनमधून येई आणि येताना तांबे, शिसे व आर्सेनिकही घेऊन येई. भाजलेल्या पायराइटमधून तांबे वेगळे काढण्याचा धंदाही विडनेसमध्ये वाढला. १८९७ मध्ये पलीकडच्या काठावर, रनकॉर्नजवळच्या वेस्टन पॉइंटला कास्टनर-केल्नर कंपनीचा कारखाना सुरू झाला. तिथे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन काढत. विजेच्या या घटात पाऱ्याचा थर असे. पारा तत्त्वतः पुन्हा पुन्हा वापरायचा असतो, पण थोडा थोडा पाण्याबरोबर निसटतो. असे निसटणे दशकानुदशके चालू राहिले. तो जातो कुठे, हे मोजायची गरज फार काळ कोणाला वाटली नाही.

समुद्रातला नळ

दुसऱ्या महायुद्धानंतर याच किनाऱ्यावर, पण बरेच उत्तरेला, दुसरा अध्याय सुरू झाला. अणुबाँबच्या कामात ब्रिटिश वैज्ञानिकांचा मोठा वाटा होता. तरीही १९४६ मध्ये अमेरिकेने मॅकमेहन कायदा करून आपले अणुज्ञान दोस्तांनाही बंद केले. जानेवारी १९४७ मध्ये पंतप्रधान ॲटली आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी स्वतःचा बाँब बनवायचा निर्णय गुप्तपणे घेतला. बाँबसाठी प्लुटोनियम हवे, प्लुटोनियमसाठी अणुभट्ट्या हव्यात. कंबरलँड परगण्यात सेलाफील्ड येथे युद्धकाळातला स्फोटकांचा कारखाना रिकामा पडला होता. मोठी शहरे लांब होती, वॉस्टवॉटर तलावाचे गोडे पाणी जवळ होते आणि समोर समुद्र होता. प्रकल्पाला विंडस्केल असे नाव मिळाले आणि उभारणीची जबाबदारी ख्रिस्तोफर हिंटन या अभियंत्यावर आली.

पहिली भट्टी ऑक्टोबर १९५० मध्ये पेटली, दुसरी जून १९५१ मध्ये. भट्टीतून काढलेल्या युरेनियमच्या कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळे काढायचे काम १९५२ मध्ये सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटे बेलो बेटांपाशी ब्रिटनचा पहिला बाँब फुटला. त्याच वर्षापासून विंडस्केलचे कमी तीव्रतेचे किरणोत्सारी पाणी समुद्रात जाऊ लागले. अतितीव्र द्रव पोलादी टाक्यांत ठेवायचे आणि उरलेले नळाने किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत नेऊन सोडायचे, अशी ती व्यवस्था होती.

विचार न करता केलेले हे काम नव्हते, हे इथे नोंदवायला हवे. सुरुवातीलाच हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्राच्या वैज्ञानिकांनी समुद्रात फ्लुओरेसिन नावाचा रंग सोडून तो भरती-ओहोटीबरोबर किती पसरतो हे तपासले होते. मासे किती, ते कोण खाते, किनाऱ्यावर कोण वावरते याचाही अभ्यास झाला होता. त्यातून एक अनपेक्षित धागा हाती लागला. कंबरलँडच्या खडकांवर पोर्फिरा नावाचे जांभळट शेवाळ उगवते. ते गोळा करून रेल्वेने दक्षिण वेल्सला जाई आणि तिथे स्वान्सीच्या बाजारात शिजवून 'लेव्हरब्रेड' म्हणून विकले जाई. सांडपाण्यातले रुथेनियम हे शेवाळ भराभर शोषून घेते. म्हणजे प्रकल्पापासून शेकडो किलोमीटर दूर बसून नाश्ता करणारा माणूस सर्वांत जास्त धोक्यात. समुद्रात किती सोडायचे याची मर्यादा मग या खवय्यांना धरून आखण्यात आली. कोणा माणसापर्यंत कोणत्या वाटेने सर्वाधिक किरणोत्सार पोचतो ते शोधा आणि त्या वाटेवर पहारा ठेवा, ही पद्धत पुढे जगभरच्या अणुप्रकल्पांनी उचलली.

पण पहाऱ्याबरोबर प्रयोगही चालू होता. १९५८ मध्ये जिनिव्हात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अणुपरिषदेत जॉन डन्स्टर या आरोग्यभौतिकी तज्ज्ञाने विंडस्केलच्या अनुभवाचा निबंध वाचला. मासे, शेवाळ आणि किनाऱ्याची वाळू यांत मोजता येईल इतका किरणोत्सार मिळावा म्हणून विसर्ग मुद्दामच पुरेसा ठेवला होता, असे त्याने त्यात स्पष्ट सांगितले. मोजमाप हाती आल्याखेरीज मर्यादा कशी ठरवणार, हा त्याचा तर्क होता. त्या काळच्या सभागृहात तो कोणाला खटकल्याचे दिसत नाही. पंचवीस वर्षांनी मात्र ही कबुली प्रकल्पाच्या विरोधकांच्या हाती कोलीत म्हणून आली.

दरम्यान १० ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या भट्टीला आग लागल्याचे उघडकीस आले. चिमणीतून आयोडीन बाहेर पडले आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतले दूध ओतून द्यावे लागले. विंडस्केल हे नाव जगाला माहीत झाले ते या आगीमुळे. लोकांचे आणि वर्तमानपत्रांचे लक्ष त्यानंतर बराच काळ चिमणीवर खिळले. नळातून समुद्रात जे जात होते त्याला ना ज्वाळा होती ना धूर, त्यामुळे त्याची बातमीही झाली नाही.

गंजलेल्या कांड्या

ऑक्टोबर १९५६ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी विंडस्केलशेजारच्या काल्डर हॉल वीज केंद्राचे उद्घाटन केले, आणि बाँबसाठी उभारलेल्या उद्योगाला विजेचा चेहरा मिळाला. पुढच्या दशकात ब्रिटनभर त्याच जातीची वीज केंद्रे उभी राहिली. त्यांच्या इंधनकांड्यांवर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे वेष्टन असे. त्याचे नाव मॅग्नॉक्स. वापरलेल्या कांड्या विंडस्केलला येत, पाण्याच्या तलावांत निववल्या जात आणि मग १९६४ मध्ये सुरू झालेल्या नव्या संयंत्रात विरघळवल्या जात.

मॅग्नॉक्सला पाणी फार दिवस सोसत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुनर्प्रक्रिया रखडली आणि कांड्या ठरल्यापेक्षा जास्त काळ पाण्यात राहिल्या. वेष्टने गंजली, आतले सिझियम तलावाच्या पाण्यात उतरले आणि ते पाणी समुद्रात गेले. १९७५ या एका वर्षात नळातून ५,२३० टेराबेकरेल सिझियम-१३७ बाहेर पडले. सेकंदाला एक अणू विघटित होणे म्हणजे एक बेकरेल, आणि एक टेराबेकरेल म्हणजे एक लाख कोटी बेकरेल. १९७४ ते १९७८ ही सलग पाच वर्षे हा आकडा ४,००० च्या खाली आला नाही. प्लुटोनियमचा विसर्गही त्याच दशकात शिखरावर होता. हे सगळे घडत होते ते सरकारी परवान्याच्या चौकटीत.

वैज्ञानिकांचा अंदाज असा होता, की सिझियम पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर निघून जाईल आणि प्लुटोनियम समुद्रतळाच्या गाळाला चिकटून तिथेच राहील. दोन्ही अंदाज पुष्कळ अंशी खरे ठरले. सिझियमचा मोठा भाग खरोखरच आयरिश समुद्राबाहेर गेला. प्लुटोनियम आणि अमेरिशियम नळाच्या तोंडापासून फार दूर गेले नाहीत. कंबरलँडच्या किनाऱ्याला समांतर असा बारीक चिखलाचा एक पट्टा समुद्रतळावर आहे, त्याने ते धरून ठेवले. सिझियमचा थोडा अंशही तिथेच अडकला, कारण अभ्रकाच्या जातीच्या मातीकणांच्या थरांमधल्या फटीत सिझियमचा अणू नेमका बसतो. धरला गेला की सहसा सुटत नाही.

अंदाजात राहून गेले ते एवढेच, की गाळ स्वतः हिंडतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी सात-आठ मीटर चढते. खाडीच्या अरुंद तोंडातून भरती वेगाने शिरते आणि ओहोटी त्या मानाने संथ उतरते. भरतीने उचलून आणलेले बारीक कण पाणी थबकले की खाली बसतात, आणि परतीच्या पाण्यात त्या सगळ्यांना उचलण्याइतका जोर नसतो. वर गवताळ खाजण असेल तर गवताच्या काड्या उरलेले कण गाळून घेतात. कोकणातल्या खाड्यांच्या काठी राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. बंदरे बुजतात ती याच रीतीने. आयरिश समुद्रात फरक इतकाच होता, की दर भरतीबरोबर येणाऱ्या कणांच्या पाठीवर विंडस्केलचा माल होता.

रेव्हनग्लास

सेलाफील्डच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर अर्ट, माइट आणि एस्क या तीन छोट्या नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात. त्यांच्या संगमावर रेव्हनग्लास हे एका रस्त्याचे गाव आहे. रोमन लोकांनी इथे किल्ला बांधला होता आणि त्यांच्या स्नानगृहाच्या भिंती अजून उभ्या आहेत. सत्तरच्या दशकात या खाडीचा चिखल किरणोत्सारी प्लुटोनियमच्या अभ्यासाचे जगातले एक प्रमुख ठिकाण बनला. लोस्टॉफ्ट येथील मत्स्य खात्याच्या प्रयोगशाळेचे आणि विद्यापीठांचे वैज्ञानिक ओहोटीला गमबूट घालून उतरत आणि नळकांडी दाबून गाळाचे उभे नमुने काढून नेत.

धोक्याची वाटही आता बदलली होती. कंबरलँडच्या शेवाळाचा व्यापार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. त्यानंतर स्थानिक मासे, खेकडे आणि शिंपले खाणारे लोक मोजणीच्या केंद्रस्थानी आले. त्यांच्या जोडीला चिखलात तासन्‌तास उभे राहून गळाला लावायचे किडे उकरणारे, आणि खाड्यांत नांगरलेल्या होड्यांवर घर करून राहणारेही आले. होडीवरच्या माणसाने मासा खाल्ला नाही तरी ओहोटीला त्याच्या घराखाली चिखलच असे.

चिखल घरातही पोचला. सुकलेला गाळ वाऱ्याने उडतो, बुटांना लागून येतो. रेव्हनग्लासच्या एका कुटुंबाने घरातली धूळ तपासून घेतली, तेव्हा तिच्यात प्लुटोनियम आढळले. मुलांच्या काळजीने त्यांनी घर तोट्यात विकले आणि भरपाईचा दावा लावला. १९९० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. धुळीत किरणोत्सार असणे म्हणजे घराचे कायद्याला अभिप्रेत असलेले नुकसान नव्हे, असा निकाल होता.

सगळाच दोष मात्र किरणोत्साराच्या माथी मारता येत नाही. खाडीच्या तोंडाशी ड्रिगच्या वाळूच्या टेकड्यांवर काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांची हजारो जोडप्यांची वसाहत होती, युरोपातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती ओस पडली. साहजिकच बोट विंडस्केलकडे गेले. तपासणी झाली तेव्हा पक्ष्यांना मिळणारी मात्रा असा परिणाम घडवण्याच्या कितीतरी खाली निघाली. कोल्ह्यांचा उपद्रव हे कारण अभ्यासकांना जास्त पटणारे वाटले.

मेलेले पक्षी, बंद पडलेला किनारा

तिकडे मर्सीच्या खाडीत धातूंनी स्वतःच हजेरी लावली. १९७९ च्या शरद ऋतूत तिच्या चिखलावर मेलेले पक्षी सापडू लागले. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी येणारे डनलिन हे चिमुकले किनारपक्षी त्यांत सर्वाधिक होते. मोजणीत जवळपास २,४०० पक्षी भरले. त्यांच्या यकृतात शिसे मिळाले, तेही साधे धातुरूप शिसे नव्हे, तर कार्बनी संयुगाच्या रूपातले. खाडीकाठी पेट्रोलमध्ये मिसळायची शिशाची संयुगे बनत होती. ती पाण्यातून चिखलातल्या लहान शिंपल्यांत गेली आणि शिंपल्यांतून पक्ष्यांत. सोड्याच्या कारखान्यांपासून सव्वाशे वर्षे चाललेला प्रकार पहिल्यांदाच अशा रूपात समोर आला, की त्याचे फोटो काढता आले.

१९८१ मध्ये लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या. त्यानंतर मंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी त्या प्रदेशाकडे लक्ष घातले, आणि त्यातून १९८५ मध्ये मर्सी खोऱ्याच्या शुद्धीकरणाची पंचवीस वर्षांची मोहीम उभी राहिली. नदी सुधारली, पुढच्या शतकाच्या सुरुवातीला सॅमन मासेही तिच्यात परतले. तळाचा गाळ मात्र होता तिथेच राहिला.

विंडस्केलला १९८१ मध्ये पुन्हा सेलाफील्ड हे नाव देण्यात आले. पण नावाने बातम्या थांबल्या नाहीत. १ नोव्हेंबर १९८३ रोजी यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या माहितीपटाने दाखवले, की शेजारच्या सीस्केल गावात मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आहे. त्याच महिन्यात ग्रीनपीसचे पाणबुडे नळाचे तोंड बंद करायला समुद्रात उतरले. वर आले तेव्हा त्यांच्या रबरी होडीवरचा मापक भलताच आकडा दाखवू लागला. प्रकल्पात साफसफाई चालू असताना समुद्रात न सोडायचा तीव्र किरणोत्सारी द्रावक आणि गाळ चुकून नळात गेला होता. किनाऱ्यावर वाहून आलेल्या शेवाळात आणि कचऱ्यात तो आढळला. सेंट बीज ते एस्कमील्स अशा सुमारे ४० किलोमीटरच्या किनाऱ्यावर विनाकारण जाऊ नका, असा सरकारी सल्ला निघाला आणि तो कित्येक महिने कायम राहिला. १९८५ मध्ये खटला होऊन कंपनीला १०,००० पौंडांचा दंड झाला.

आजाराचा प्रश्न सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीकडे गेला. जुलै १९८४ च्या अहवालात समितीने सीस्केलमध्ये रोगाचे प्रमाण खरोखर जास्त असल्याचे मान्य केले. पण लोकांना मिळालेल्या ज्ञात किरणोत्साराच्या हिशेबाने ते स्पष्ट होत नाही, असेही सांगितले. नंतरच्या अनेक तपासण्यांनंतरही सागरी विसर्ग आणि हा रोग यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. विसर्ग मात्र याच काळात घटला. तलावाच्या पाण्यातले सिझियम गाळून काढणारे नवे संयंत्र १९८५ मध्ये सुरू झाले आणि १९८६ मध्ये सिझियमचा विसर्ग १८ टेराबेकरेलवर आला. अकरा वर्षांपूर्वीच्या आकड्याच्या तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. तंत्र अवघड नव्हते, निर्णय व्हायला तीन दशके लागली.

थरांवरून तारखा

गाळ थरांनी साचतो, खालचा जुना आणि वरचा नवा. पण कोणता थर कोणत्या सालचा? याचे एक उत्तर निसर्गातच होते. जमिनीतल्या रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो आणि त्याचे विघटन होत होत हवेत शिसे-२१० तयार होते. ते पावसाबरोबर खाली येते, गाळात बसते आणि दर बावीस वर्षांनी निम्मे होते. १९६३ मध्ये अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी हे कालमापनाला वापरता येईल, असे दाखवले. तलावांच्या गाळावर ही पद्धत बसवणारा पायाभूत निबंध १९७१ मध्ये आला तो आपल्या मुंबईतून. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी तो फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर लिहिला होता. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या गाळाचे वय काढणारा जगातला बहुतेक प्रत्येक अभ्यासक आज या वाटेने जातो.

दुसरे उत्तर माणसाने नकळत दिले. हवेतल्या अणुचाचण्यांची धूळ १९६३ च्या सुमारास सर्वाधिक पडली आणि त्या वर्षाच्या थरात सिझियमचे शिखर उमटले. आयरिश समुद्राच्या काठी मात्र विंडस्केलचे शिखर त्याहून कितीतरी उंच होते, आणि दरवर्षी किती सोडले याची कागदोपत्री नोंद होती. लँकेस्टर विद्यापीठाच्या ॲस्टन आणि स्टॅनर्स यांनी १९८१ मध्ये एस्कच्या खाडीतले थर या नोंदींशी जुळवून दाखवले. दोन वर्षांत निम्मे होणारे सिझियम-१३४ आणि तीस वर्षांत निम्मे होणारे सिझियम-१३७ यांच्या गुणोत्तरावरून गाळ नळातून निघून खाडीत यायला किती काळ लागला, हेही काढता येत होते. जुळणी तंतोतंत नव्हती. समुद्रतळावरचा चिखल खेकडे, कोळंब्या आणि बिळे करणारे किडे सतत खालीवर करतात. त्यामुळे खाडीत येणाऱ्या कणांत अनेक वर्षांची सरमिसळ असते आणि शिखर थोडे उशिरा व थोडे बोथट उमटते. तरी हिशेब लागत होता.

नव्वदच्या दशकात हीच पद्धत मर्सीला नेण्यात आली. विडनेस वॉर्थ आणि इन्स बँक्स या खाजणांतून गाळाचे उभे नमुने काढले गेले. मर्सीच्या काठी अणुप्रकल्प नाही, पण समुद्राने सेलाफील्डचे सिझियम तिथेही आणून टाकले होते. त्याच्या शिखरावरून वरच्या थरांची साले ठरली आणि मग प्रत्येक थरातले पारा, शिसे, तांबे व जस्त मोजले गेले. खोल थरांपासून वर येताना धातू वाढत जातात, एका टप्प्यावर शिखर गाठतात आणि अलीकडच्या थरांत उतरतात. कारखान्यांनी कधी न ठेवलेली विसर्गाची नोंद अशी शंभर वर्षांनी वाचता आली. कायद्यांचा आणि नव्या संयंत्रांचा उपयोग झाला, हेही त्याच थरांनी दाखवले.

जमा आणि बाकी

१९५२ पासून सेलाफील्डने आयरिश समुद्रात सुमारे ४१,००० टेराबेकरेल सिझियम सोडले. विज्ञानाला त्याचा फायदा झाला, हे नाकारता येत नाही. हे सिझियम स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रात, तिथून नॉर्वेच्या किनाऱ्याने वर आणि सुमारे पाच वर्षांत बॅरेंट्स समुद्रापर्यंत पोचले. उत्तर अटलांटिकच्या प्रवाहांचा वेग इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणत्या प्रयोगाने कळला असता, याची शंकाच आहे. पण त्याच प्रवाहांमुळे शेजाऱ्यांशी भांडणेही उभी राहिली. १९९४ मध्ये सेलाफील्डला सांडपाण्यातले प्लुटोनियम काढून घेणारे संयंत्र सुरू झाले आणि साठवलेले जुने द्रव त्यातून जाऊ लागले. त्यांतले टेक्नेशियम-९९ त्या संयंत्राला अडवता येत नव्हते. १९९५ मध्ये १९० टेराबेकरेल टेक्नेशियम समुद्रात गेले आणि नॉर्वेच्या शेवाळात व शेवंडांत दिसू लागले. आयर्लंड आणि नॉर्वेच्या दबावामुळे १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी पोर्तुगालमधल्या सिंत्रा येथे विसर्ग जवळपास शून्यावर आणण्याचे ठरवले. २००४ मध्ये टेक्नेशियमवरही रासायनिक उपाय सापडला. २०१८ आणि २०२२ मध्ये सेलाफील्डची दोन्ही पुनर्प्रक्रिया संयंत्रे बंद झाली.

बाकी उरली ती गाळात. विसर्ग घटल्यावर वैज्ञानिकांना दिसले, की समुद्राच्या पाण्यात सिझियम अपेक्षेपेक्षा जास्त आहे, कारण चिखलाचा पट्टा आता ते हळूहळू परत सोडतो आहे. एकेकाळी साठा असलेला गाळ आता उगम झाला आहे. प्लुटोनियम-२४१ चे विघटन होऊन अमेरिशियम तयार होत असल्याने नवीन काही न सोडताही अमेरिशियम अजून काही दशके वाढणार आहे. वादळात किंवा समुद्राची पातळी चढल्याने खाजणांची कड ढासळली, तर १९७५ चे थर पुन्हा पाण्यात येतील आणि मर्सीत १८९७ नंतरचा पारा.

अणुउद्योग एवढाच यातला आरोपी नाही, हे व्हाइटहेवन दाखवते. सेलाफील्डच्या उत्तरेला असलेल्या त्या बंदरात १९५० च्या दशकापासून फॉस्फेटच्या दगडापासून फॉस्फोरिक आम्ल बनत असे. त्या दगडात निसर्गतःच युरेनियम असते, त्याच्यापासून झालेले पोलोनियम असते आणि जोडीला कॅडमियम हा जड धातूही. चोथा थेट समुद्रात जाई. दगडापासून आम्ल बनवणे १९९२ मध्ये थांबले. त्यानंतरही त्या किनाऱ्यावरची मासळी भरपूर खाणाऱ्या लोकांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेत या साध्या रसायन कारखान्याचा वाटा कित्येक वर्षे सेलाफील्डहून जास्त निघत आला आहे.

मुंबईच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला सुरू झालेल्या अप्सरा या अणुभट्टीचे इंधन ब्रिटनने दिले होते. १९६४ मध्ये तिथेच प्लुटोनियम संयंत्र उभे राहिले. प्रक्रिया केलेले कमी तीव्रतेचे पाणी बंदराच्या खाडीत सोडायचे आणि गाळ व मासळी मोजत राहायचे, हा मार्ग आपणही घेतला. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वैज्ञानिकांचा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो पारा मीठ-पाणी-विजेच्या त्याच उद्योगाकडे बोट दाखवत होता.

विंडस्केलच्या वैज्ञानिकांनी मोजमाप टाळले नाही, उलट ते काटेकोरपणे केले. चुकला तो प्रश्न. माणसाला आज किती मात्रा मिळते, एवढेच विचारले गेले, आणि सोडलेली वस्तू शंभर वर्षांनी कुठे असेल हे विचारायचे राहिले. आज जपानमधल्या फुकुशिमाच्या पाण्यापासून आपल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यापर्यंत परवाना देताना पाण्याच्या प्रवाहाचे गणित मांडले जाते. गाळाच्या प्रवासाचे गणित त्याच तपशिलाने मागितले पाहिजे. आयरिश समुद्राच्या सत्तर वर्षांनी ते करता येते हे दाखवून दिले आहे, त्यामुळे माहिती नव्हती ही सबब यापुढे कोणाला देता येणार नाही.